इंग्लिशमधे नामाच्या आधी काय लावायचं? डिटरमायनर्स एकदा नीट समजून घेऊ, खान्देशातल्या पोरापोरींसाठी

"माय फादर इज फार्मर." रावेरपासून नवापूरपर्यंत कुठल्याही गावातल्या पोराला इंग्लिशमधे ओळख करून दे म्हणा, हे वाक्य येतंच. स्पेलिंग बरोबर, क्रियापद बरोबर, अर्थही लगेच कळतो, तरी वाक्य चूक आहे, कारण 'फार्मर'च्या आधी 'अ' पाहिजे. मराठीत "माझे वडील शेतकरी आहेत" म्हटलं की झालं, अहिराणीत "मना बाप शेतकरी शे" म्हटलं की झालं, शेतकरी या शब्दाच्या आधी काही लावायची गरज कोणाला वाटत नाही आणि ते बरोबरच आहे, आपली भाषा तशी चालते. इंग्लिश तशी चालत नाही. मोजता येणारी एक वस्तू किंवा एक माणूस असेल तर इंग्लिशमधे ते नाम एकटं उभं राहत नाही, त्याच्या आधी काहीतरी लागतंच. 'अ' लावा, 'द' लावा, 'माय' लावा, 'धिस' लावा, 'एव्हरी' लावा, पण लावा. हे जे काहीतरी आहे त्यालाच डिटरमायनर म्हणतात.

बऱ्याच क्लासमधे आधी याद्या पाठ करायला लावतात, आर्टिकल्स (अ, ॲन, द) किती, डेमॉन्स्ट्रेटिव्ह (धिस, दॅट वगैरे) कोणते, क्वांटिफायर (मेनी, सम वगैरे) कोणते. माझं मत स्पष्ट आहे, याद्या पाठ असलेली पोरं पण पेपरमधे "ही इज डॉक्टर" लिहितात, कारण लिहिताना यादी आठवत नाही, नाम डोळ्यासमोर असतं. म्हणून आपण नामापासूनच सुरुवात करू. नाम दिसलं की त्याला ठराविक प्रश्न विचारायचे, तेही ठराविक क्रमानं.

पहिली पायरी: हे मोजता येतं का?

केळं, विहीर, ट्रक, वही, मास्तर ही मोजता येतात, एक विहीर दोन विहिरी. पाणी, दूध, कापूस, सोनं, तांदूळ हे तसे मोजत नाही, लिटर किलो तोळा असं माप लावतो. इथपर्यंत मराठी आणि इंग्लिश बरोबर चालतात. घोटाळा होतो तो अशा शब्दांत जे आपण बिनधास्त मोजतो पण इंग्लिश मोजत नाही. आपण म्हणतो एक सल्ला देतो, दोन बातम्या आहेत, पण इंग्लिशमधे 'ॲडव्हाइस', 'न्यूज', 'इन्फॉर्मेशन', 'फर्निचर', 'लगेज', 'होमवर्क', 'मनी', 'ट्रॅफिक' हे सगळे पाण्यासारखे, न मोजता येणारे. म्हणून 'ॲन ॲडव्हाइस' चूक, 'इन्फॉर्मेशन्स' चूक, 'फर्निचर्स' चूक. एकच सल्ला असं म्हणायचंच असेल तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', नाहीतर सरळ 'सम ॲडव्हाइस'. 'न्यूज'च्या शेवटी 'स' दिसतो म्हणून अनेकवचन समजू नका, "द न्यूज इज गुड" असंच येतं. डोक्यावरचे केस पण मराठीत अनेकवचन, इंग्लिशमधे "माय हेअर इज ब्लॅक".

आता हे लक्षात घ्या. मोजता येणारं एकवचन असेल तर डिटरमायनर सक्तीचा. मोजता येणारं अनेकवचन किंवा न मोजता येणारं नाम असेल आणि आपण सगळ्यांबद्दल सर्वसाधारण बोलत असू तर काहीही न लावता चालतं: "फार्मर्स इन रावेर ग्रो बनानाज", "वुई सेल कॉटन". इथे काही लावायला जाऊ नका, मोकळं सोडणं हेच बरोबर आहे. नवीन शिकलेली पोरं नेमकी इथे 'द' घालतात, "द लाइफ इज हार्ड", "द मनी इज इम्पॉर्टंट" वगैरे. आयुष्याबद्दल, पैशाबद्दल, निसर्गाबद्दल सरसकट बोलताना 'द' येत नाही.

दुसरी पायरी: 'अ' का 'ॲन'?

शाळेत सांगतात ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांच्या आधी 'ॲन'. हा नियम अर्धवट आहे, यानं पोरं 'ॲन युनिव्हर्सिटी' लिहितात. बघायचा असतो तो उच्चार, आणि उच्चारासाठी मराठी माणसाकडे सगळ्यात सोपं साधन आहे ते म्हणजे देवनागरी. शब्द देवनागरीत लिहा आणि पहिलं अक्षर बघा. स्वर आला तर 'ॲन', व्यंजन आलं तर 'अ'. 'आवर' म्हणजे तास, स्पेलिंगमधे आधी एच आहे पण देवनागरीत आ, म्हणून 'ॲन आवर'. 'ऑनेस्ट मॅन' आला तर 'ॲन'. 'युनिव्हर्सिटी', 'युनिफॉर्म', 'युरोपियन' यांचं स्पेलिंग स्वरानं सुरू होतं पण देवनागरीत य आहे आणि य व्यंजन आहे, म्हणून 'अ'. 'वन-वे रोड' मधे व, म्हणून 'अ'. 'एफआयआर', 'एमएलए', 'एक्सरे' या सगळ्यांना 'ॲन'. स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी तर याहून चांगलं उदाहरण नाही: 'ॲन एमपीएससी एक्झाम' पण 'अ यूपीएससी एक्झाम'.

यात एक काळजी घ्या. आपल्याकडे गावात एसटीला यस्टी म्हणतात, एमला यम म्हणतात. त्या उच्चारानं लिहिलं तर य येईल आणि उत्तर चुकेल. इंग्लिश अक्षरांचा उच्चार एफ, एल, एम, एन, एस, एक्स असा ए नेच धरायचा, म्हणजे 'ॲन एसटी बस'. तसंच 'यिअर' म्हणजे वर्ष आणि 'इअर' म्हणजे कान यांची गल्लत करू नका, 'अ यिअर' आणि 'ॲन इअर'.

आणि बघायचा तो लगेच पुढचा शब्द, नाम नाही. 'ॲन एग' पण 'अ बॉइल्ड एग'. 'अ युनिव्हर्सिटी' पण 'ॲन ओल्ड युनिव्हर्सिटी'.

तिसरी पायरी: ऐकणाऱ्याला माहीत आहे का कोणतं?

'द' कधी लावायचा याचे पुस्तकात पानभर नियम असतात. त्यातले बहुतेक एका प्रश्नात बसतात: मी कोणत्या वस्तूबद्दल बोलतोय हे समोरच्याला नेमकं कळतंय का? कळत असेल तर 'द', नसेल तर मोजता येणाऱ्या एकवचनाला 'अ' किंवा 'ॲन'.

मराठीत हे आपण लहानपणापासून करत आलोय, फक्त नाव माहीत नव्हतं. आजी गोष्ट सांगते, "एका गावात एक म्हातारी राहायची. त्या म्हातारीला एक नातू होता." पहिल्यांदा 'एक', दुसऱ्यांदा 'ती'. इंग्लिशमधे तसंच, "ॲन ओल्ड वुमन लिव्ह्ड इन अ व्हिलेज. द वुमन हॅड अ ग्रँडसन." फरक एवढाच की मराठीत हे 'एक' आणि 'ती' गाळले तरी चालतं, इंग्लिशमधे गाळता येत नाही.

आधी उल्लेख झाला नसेल तरी समोरच्याला कळू शकतं. तुम्ही दोघं चोपड्याच्या स्टँडवर एकाच गाडीची वाट बघत उभे आहात, तर "द बस इज लेट", कारण कोणती बस ते दोघांना माहीत आहे. लांबून कुठलीतरी गाडी येताना दिसली तर "अ बस इज कमिंग". घरात "क्लोज द डोअर" म्हणतो कारण दार कोणतं ते दिसतंय. सूर्य, चंद्र, आकाश एकच आहेत म्हणून 'द'. पुढे माहिती जोडल्यामुळे वस्तू नेमकी होते तेव्हाही 'द': "बनानाज आर स्वीट" म्हणजे केळी गोड असतात, पण "द बनानाज इन धिस क्रेट आर स्वीट" म्हणजे या क्रेटमधली. पहिला, शेवटचा, सगळ्यात मोठा, एकमेव, तोच, असं म्हटलं की वस्तू आपोआप नेमकी होते, म्हणून 'द फर्स्ट', 'द लास्ट', 'द बिगेस्ट', 'द ओन्ली', 'द सेम'. 'सेम'च्या आधी 'द' आपल्याकडे हमखास गळतो, "वुई आर फ्रॉम सेम व्हिलेज" असं लिहितात, तिथे 'द सेम व्हिलेज' पाहिजे.

माणसाचा धंदा, नोकरी सांगताना मात्र 'अ' किंवा 'ॲन': "शी इज अ नर्स", "ही इज ॲन इंजिनिअर". कारण अनेक नर्स आहेत त्यातली ती एक.

गावांची, नद्यांची नावं

हा भाग पाठ करावा लागतो, पण आपल्या भागातली नावं घेतली की लक्षात राहतो. गाव, शहर, जिल्हा, प्रदेश यांना काही नाही: जळगाव, शिरपूर, खान्देश, महाराष्ट्र. नदीला 'द': 'द तापी', 'द गिरणा', 'द पांझरा'. डोंगररांगेला 'द', म्हणून 'द सातपुडा रेंज', पण त्याच सातपुड्यातल्या तोरणमाळला 'द' नाही कारण ते एका ठिकाणाचं नाव. समुद्राला 'द'. हे सगळं एका वाक्यात बसतं, वहीत लिहून ठेवा: "द तापी राइजेस ॲट मुलताई, फ्लोज थ्रू खान्देश अँड मीट्स द अरेबियन सी निअर सुरत." मुलताई, खान्देश, सुरत मोकळे, नदी आणि समुद्राला 'द'.

विद्यापीठाचं बघा. 'ऑफ' आलं की 'द' येतो, 'द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई', नाव आधी आलं की येत नाही, 'मुंबई युनिव्हर्सिटी'. आपलं जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ इंग्लिशमधे लिहिताना नाव आधी येतं म्हणून 'द' नको. भाषेला 'द' नाही, "आय स्पीक अहिराणी अँड मराठी", पण 'द मराठी लँग्वेज' म्हटलं तर लागतो. सणाला नाही, जेवणाच्या वेळांना नाही, 'बाय बस', 'बाय ट्रेन' मधे नाही. शिकायला शाळेत जातो तेव्हा 'गो टू स्कूल', आणि आई फी भरायला किंवा मीटिंगला त्या शाळेत गेली तर 'टू द स्कूल'.

हे, ही, माझा, त्यांचा: इथे मराठी आपल्याला चकवते

'धिस' आणि 'दॅट' एकवचनाला, 'दीज' आणि 'दोज' अनेकवचनाला, एवढं सगळ्यांना येतं. तरी चुका होतात त्याचं कारण मराठीतलं 'हे' आणि 'ही'. "हे पुस्तक" एकवचन आणि "हे आंबे" अनेकवचन, शब्द तोच. "ही मुलगी" एकवचन आणि "ही वांगी" अनेकवचन, शब्द तोच. पोरगं 'हे' म्हणजे 'धिस' एवढं पाठ करून बसलेलं असतं म्हणून 'धिस मँगोज' लिहितं. मराठी शब्द बघूच नका, पुढचं नाम एक आहे का अनेक ते बघा.

आदरार्थी बोलण्यातून तर अजून मोठी चूक होते. "हे माझे वडील" यात 'हे' आणि 'माझे' दोन्ही अनेकवचनी आहेत, पण वडील एकच. म्हणून "धिस इज माय फादर", 'दीज आर' नाही. "सर आले आणि त्यांची गाडी लावली" यातलं 'त्यांची' पण आदराचं आहे, सर एकच, म्हणून 'हिज बाइक', 'देअर बाइक' नाही. 'देअर' सहसा खरोखर अनेक मालक असतील तेव्हा. इंग्लिशमधे 'हिज' लिहिल्यानं सरांचा अपमान होत नाही, घाबरू नका.

आणि सगळ्यात जास्त गोंधळ 'हिज' आणि 'हर' मधे. मराठीत 'तिचा भाऊ', 'तिची बहीण', 'तिचं घर' असं शेवटचं अक्षर वस्तूप्रमाणे बदलतं, अहिराणीत पण मना, मनी, मनं असंच होतं. त्या सवयीनं पोरं पुढच्या नामाकडे बघतात, भाऊ पुरुष म्हणून 'हिज ब्रदर' लिहून मोकळे. इंग्लिशमधे फक्त मालक बघायचा. मालक बाई असेल तर 'हर', मग पुढे भाऊ असो नाहीतर ट्रॅक्टर. आपल्या बहिणाबाईंवर दोन ओळी लिहू: "बहिणाबाई चौधरी वॉज अ पोएट फ्रॉम खान्देश. शी वॉज बॉर्न इन असोदा, अ व्हिलेज निअर जळगाव. हर सन सोपानदेव वॉज ऑल्सो अ पोएट." सोपानदेव पुरुष आहेत पण मुलगा बहिणाबाईंचा आहे म्हणून 'हर सन'. 'अ पोएट' मधला 'अ' धंदा-ओळखीवाला, 'अ व्हिलेज' मधला 'अ' म्हणजे अनेक गावांतलं एक, आणि असोदा, जळगाव, खान्देश मोकळे. हे तीन वाक्यांचं उदाहरण नीट समजलं तर अर्धा विषय हातात आला समजा.

वस्तूच्या मालकीचं 'इट्स' लिहिताना वर ॲपॉस्ट्रॉफी (') द्यायचा नाही, ॲपॉस्ट्रॉफीवालं 'इट्स' म्हणजे 'इट इज'.

एका नामाला एकच

'अ', 'ॲन', 'द', 'धिस', 'दॅट', 'दीज', 'दोज', 'माय', 'युवर', 'हिज', 'हर', 'अवर', 'देअर' हे सगळे एकाच सीटचे पॅसेंजर आहेत, एक बसला की दुसऱ्याला जागा नाही. मराठीत "हे माझं घर" मधे हे आणि माझं शेजारी बसतात, "माझा एक मित्र" मधे माझा आणि एक बसतात, आणि त्यावरून 'माय वन फ्रेंड', 'धिस माय हाउस', 'द माय व्हिलेज' असली वाक्यं तयार होतात. बरोबर काय? 'अ फ्रेंड ऑफ माइन' किंवा 'वन ऑफ माय फ्रेंड्स', इथे 'फ्रेंड्स' अनेकवचनी कारण अनेक मित्रांतला एक. 'धिस हाउस ऑफ माइन', नाहीतर सरळ "धिस इज माय हाउस", कारण तिथे 'धिस' आणि 'माय' यांच्यामधे क्रियापद आलं, एका नामाच्या आधी दोघं नाहीत.

मग "सगळी माझी दहा पोती" कसं म्हणणार? तर 'ऑल', 'बोथ', 'हाफ' हे सीटच्या आधी उभे राहू शकतात आणि आकडे, 'अदर', 'फर्स्ट' असे शब्द नंतर येतात. 'ऑल माय टेन बॅग्ज'. 'बोथ हर सन्स'. 'हाफ द व्हिलेज'. अर्धा तास म्हणजे 'हाफ ॲन आवर', अर्धा किलो 'हाफ अ किलो', आणि दीड तास 'वन अँड अ हाफ आवर्स', तिथे 'आवर्स' अनेकवचन.

किती आहे ते सांगणारे शब्द

'मेनी' मोजता येणाऱ्याला, 'मच' न मोजता येणाऱ्याला, 'अ लॉट ऑफ' दोघांना चालतं. साध्या होकारार्थी वाक्यात 'मच वॉटर' कानाला खटकतं, 'अ लॉट ऑफ वॉटर' म्हणा, 'मच' प्रश्नात आणि नकारात वापरा. 'सम' होकारात, 'एनी' प्रश्नात आणि नकारात, पण पाहुण्याला काही विचारताना 'सम'च: "वुड यू लाइक सम टी?" आणि होकारार्थी वाक्यात 'एनी' आलं तर अर्थ 'कोणताही' होतो, "टेक एनी सीट" म्हणजे कुठल्याही सीटवर बसा.

'लिटल' आणि 'अ लिटल' वर मात्र थांबा. एवढ्याशा 'अ' नं पूर्ण अर्थ फिरतो. मे महिन्यात यावलला तुमच्या विहिरीकडे बघून दोन माणसं बोलतायत. एक म्हणतो "देअर इज लिटल वॉटर इन द वेल", म्हणजे पाणी नाहीच्यात जमा आहे, बाग जगायची नाही. दुसरा म्हणतो "देअर इज अ लिटल वॉटर इन द वेल", म्हणजे थोडं आहे, धकून जाईल. पाणी तेवढंच, पण पहिल्याचं लक्ष काय नाही त्याच्याकडे, दुसऱ्याचं काय आहे त्याच्याकडे. मोजता येणाऱ्या नामाला हेच 'फ्यू' आणि 'अ फ्यू': "फ्यू बायर्स केम" म्हणजे गिऱ्हाईक फारसं आलंच नाही, "अ फ्यू बायर्स केम" म्हणजे चार जण तरी आले.

'ईच' आणि 'एव्हरी' नंतर नाम एकवचनी, क्रियापद पण एकवचनी: "एव्हरी स्टुडंट हॅज अ बुक". 'अनदर' नंतर एकवचन, एकट्या 'अदर' नंतर मोजता येणाऱ्या नामाचं अनेकवचन. आणि 'मोस्ट ऑफ पीपल' लिहू नका. सरसकट लोक असतील तर 'मोस्ट पीपल', आणि ठराविक लोक असतील तर 'मोस्ट ऑफ द पीपल इन माय व्हिलेज'. 'मोस्ट'नंतर 'ऑफ' आलं आणि पुढे असं साधं नाम असेल तर मधे 'द', 'माय', 'दीज' असं काहीतरी आलंच पाहिजे.

आता स्वतःचं तपासा

रोज इंग्लिशमधे पाच-सहा ओळी लिहा, विषय काहीही, शेत, कॉलेज, आठवडे बाजार. लिहिताना थांबू नका. लिहून झालं की पेन्सिलीनं प्रत्येक नामाखाली रेघ मारा आणि मग एकेका नामाला विचारा: मोजता येतं का, एक आहे का, समोरच्याला कोणतं ते माहीत आहे का, कोणाचं आहे, किती आहे. मोजता येणारं एकवचन आणि त्याच्या आधी काहीच नाही असं दिसलं की तिथेच चूक. 'बाय बस', 'टू स्कूल' असे ठराविक प्रयोग तेवढे सोडा. सुरुवातीला वेळ लागेल, लागू द्या.

ही पाच वाक्यं आधी स्वतः करून बघा, मग खाली या. तिचा नवरा वकील आहे. माझा एक भाऊ भुसावळला राहतो. ही वांगी कोणाची आहेत? त्यांनी मला एक चांगला सल्ला दिला, इथे ते म्हणजे आपले सर. सगळ्या पोरांनी अर्धा तास वाट बघितली.

पहिलं, "हर हजबंड इज अ लॉयर", मालक ती म्हणून 'हर', धंदा म्हणून 'अ'. दुसरं, "वन ऑफ माय ब्रदर्स लिव्ह्ज इन भुसावळ", 'ब्रदर्स' अनेकवचनी पण क्रियापद 'वन'ला धरून एकवचनी. तिसरं, "हूज ब्रिंजल्स आर दीज?", 'हूज' पण डिटरमायनरच आहे म्हणून त्याच्यानंतर 'द' नको. चौथं, "ही गेव्ह मी सम गुड ॲडव्हाइस", 'अ गुड ॲडव्हाइस' लिहिलं असेल तर पहिली पायरी परत वाचा. पाचवं, "ऑल द बॉइज वेटेड फॉर हाफ ॲन आवर": पोरं ठराविक म्हणून 'द', 'ऑल' त्याच्या आधी, आणि 'आवर' देवनागरीत आ नं सुरू होतो म्हणून 'ॲन'.